कुणाचा कान कुणाला

आमच्या घरात गुपित राहत नाही. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काहीही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडून सांगितलेलं चार घरं ओलांडून जातं. मला नोकरी लागलेली आण्णांच्या आधी पलीकडच्या तेलुगू काकूंना कळलं. आई जेवताना विचारते, "आमटीत मीठ जास्त झालंय का?" तर समोरच्या घरातून कुणीतरी म्हणतं, "वास तर बरा येतोय की!"

आण्णांची उभी हयात यंत्रमागावर गेली. सोलापुरात ज्यानं मागाच्या कारखान्यात पाऊल टाकलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. दारात उभं राहिलं की आधी दात हलतात, मग छाती, आणि कान तर असून नसल्यासारखे होतात. आत कुणी बोलत नाही. हातवारे करतात, एकमेकांचे ओठ बघतात. पुढं पुढं आण्णा घरीही आमच्या ओठांकडंच बघायला लागले. आम्हाला वाटायचं, म्हातारा किती लक्ष देऊन ऐकतोय! लक्ष कसलं डोंबलाचं, ऐकूच येत नव्हतं.

एकदा अक्कलकोट रोडला मागून टेम्पो आला. हॉर्न वाजवून वाजवून शेवटी ड्रायव्हरनं ब्रेक मारला, आण्णांच्या सायकलचं मागचं चाक चेपलं, आण्णा तेवढे वाचले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, कानातलं मशीन घ्या, उशीर करू नका. नुसता आवाज कमी येतोय तोवर ठीक आहे, पण बरीच वर्षं शब्द कानावर पडले नाहीत तर डोकं ते ओळखायचंच विसरतं. मग मशीन घालूनही नुसता कालवा ऐकू येतो. आण्णा म्हणाले, "बघू की." आमच्या घरात 'बघू की' म्हणजे नाही.

तर गोष्ट एवढीच आहे, की माझ्या बापाच्या कानात ते मशीन वेळेत जाणार होतं का नाही. बाकी जे काय आकडे आणि आलेख पुढं येतील ते सगळे यासाठीच आहेत.

मी इथल्याच एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि त्यासाठी लागणारं प्रोग्रॅमिंग. मला राग पटकन येतो आणि आलेला लवकर जात नाही. पोरं मला घाबरतात असं मला वाटतं. पोरं म्हणतात, तसं काही नाही. असो.

आणि ती. ती माझी बी.एस्सी.पासूनची मैत्रीण. आम्हा दोघींना सगळं कॉलेज 'जोडी' म्हणायचं. एक दिसली नाही तर दुसरीला विचारायचं, "जोडी फुटली का काय?" तिचे वडील सरकारी कचेरीत कारकून, घर जुन्या वळणाचं. पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईनं मला चहा वेगळ्या कपात दिला. कान तुटलेला, खिडकीत ठेवलेला कप. मला सवय होती, मी घेतला असता. हिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, स्वतः प्यायली, आणि आपला कप मला दिला. मग आईशी जे भांडली म्हणता! त्या दिवसानंतर मी तिच्यासाठी कशाखालीही मान दिली असती.

आमच्याकडं ती आली की थेट चुलीपाशी. कडक भाकरी मोडून, वर शेंगाचटणी आणि तेल, आणि आईला म्हणायची, "काकू, आमच्या घरी असं काही जमत नाही बघा." आई चार दिवस हरखलेली असायची. आण्णा तिला 'धाकटी' म्हणायचे. मी थोरली, ती धाकटी. ती आमच्या ताटात जेवते, याचं आईला किती वाटायचं ते आई बोलून दाखवायची नाही, पण ती येणार म्हटलं की भाकरीचं पीठ दोनदा चाळलं जायचं.

पुढं मी आकड्यांत गेले, ती कानात. श्रवणतपासणीचं शिक्षण घेऊन ती एका धर्मादाय दवाखान्यात लागली. तिथं तिनं एक सराव तयार केला. मोबाईलवर, हेडफोन लावून, रोज अर्धा तास अगदी बारीक आवाज ऐकायचे. पानांची सळसळ, नळाचं ठिबकणं, कुणाची तरी कुजबुज. त्यानं म्हणे कान जागा होतो. तिचा त्यावर मनापासून विश्वास होता. तेव्हा होता, हे मी अजूनही म्हणते.

ती एका रविवारी आली आणि म्हणाली, "मला मागावर काम केलेली माणसं मिळवून दे. सरावाच्या आधी मोजू, नंतर मोजू. हिशेब तू कर. लेखात दोघींची नावं."

"नाव राहू दे," मी म्हणाले. "आधी काही निघतंय का बघू."

माणसं आण्णांनीच जमवली. त्यांचे कारखान्यातले सगळे जुने सोबती. एकेकाच्या दारात उभं राहून, हातवारे करून सांगितलं, "पोरीची मैत्रीण हाय. आपलीच हाय. या." आणि आले की सगळे! पांढरे शर्ट घालून, केसाला तेल लावून, लग्नाला आल्यासारखे. काचेच्या खोलीत एकेकाला बसवायचं, कानाला हेडफोन, बारीक 'टुं' वाजणार, ऐकू आलं की बोट वर करायचं. किती मोठ्यानं वाजवल्यावर बोट वर होतं, तो त्याचा आकडा. आकडा जितका मोठा तितका कान मंद. आधीचा एक आकडा, सराव संपल्यावरचा एक आकडा. झाली जोडी.

हिशेब कसा करणार, हे तिला मी विहाराच्या पायरीवर समजावलं होतं. पौर्णिमेचा कार्यक्रम होता, खीर घ्यायला ती आली होती, आणि आम्ही दोघी बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी बसलो होतो.

मी म्हणाले, "समज, तुझ्या सरावानं काहीच झालं नाही. मग एखाद्याचे ते दोन आकडे, 'आधी' आणि 'नंतर', नुसती नावंच की. अदलाबदल केली तर काय बिघडलं?"

"काही नाही."

"मग नाणं उडवायचं. छापा पडला तर तसंच ठेवायचं, काटा पडला तर त्याच्या दोन आकड्यांची अदलाबदल. प्रत्येक माणसासाठी एकदा. मग सगळ्यांच्या फरकांची सरासरी काढायची. मग परत पहिल्यापासून. असं दहा हजार वेळा."

"बाई गं! आणि नाणं उडवणार कोण?"

"कॉम्प्युटर. त्याला दुसरं काय काम? आणि मग बघायचं, आपल्याला खरोखर जेवढी सुधारणा मिळाली तेवढी नुसत्या नाण्यानं किती वेळा मिळते. सारखी मिळत असेल तर ती नाण्याची करामत, तुझ्या सरावाची नाही. क्वचितच मिळत असेल, तर मग तुला पेढे."

ती हसली. मी समोरची एक चप्पल उचलली. "पण एक लक्षात ठेव. अदलाबदल करायची ती एकाच माणसाच्या जोडीत. याची डावी उजवीकडं, उजवी डावीकडं, चालेल. याची डावी त्याच्या उजवीला लावायची नाही. जोडी मोडायची नाही. ती मोडली की सगळं मोडलं."

"आणि समज," ती म्हणाली, "सगळ्या डाव्या लहान-मोठ्या मापानं ओळीत लावल्या, आणि सगळ्या उजव्या पण तशाच लावल्या तर? काय झकास रांग दिसेल बघ."

"दिसेल की. घालून चाल मग!"

आम्ही इतक्या हसलो की आतून कुणीतरी 'शू' केलं.

मी प्रोग्रॅम लिहिला. त्यातल्या मुख्य भागाचं नाव मी 'जोडीपालट' ठेवलं. कॉम्प्युटरच्या नाण्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, म्हणजे कुणीही परत चालवलं तरी तेच उत्तर येतं. त्याला बीज म्हणतात. मी आमच्या दोघींचे कॉलेजातले हजेरी क्रमांक शेजारीशेजारी लिहून त्याचं बीज केलं. असले लाड मला सहसा सुचत नाहीत.

उत्तर आलं: काही नाही. सरासरीत थोडी सुधारणा दिसत होती, पण तेवढी नाणंही सारखी देत होतं. काहींचा आकडा उतरला होता, काहींचा चढला होता. मी चित्र काढलं. डावीकडं प्रत्येकाचा आधीचा ठिपका, उजवीकडं नंतरचा, मधे रेघ. रेघा एकमेकींना आडव्यातिडव्या कापत होत्या, मागावर ताण्याचे उभे धागे तुटून गुंतावेत तशा. त्यात आण्णांची रेघ मी लाल केली होती. ती वर जात होती. म्हणजे सराव करूनही आण्णांचा कान आणखी मंद झाला होता.

तिनं पडद्यावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. "एवढी मेहनत केली गं," म्हणाली.

"मेहनत खरीच आहे. परिणाम नाही. अजून माणसं घे, परत मोजू. मी आहे की."

"हो. बघते."

तिचं ते 'बघते' मला आमच्या घरातलं 'बघू की' वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

त्या संध्याकाळी मी आण्णांना सांगितलं, ओरडून, गल्लीच्या साक्षीनं, "त्या सरावाचा काही उपयोग नाही! मशीन घेऊ या!"

आण्णा म्हणाले, "येतंय की आता."

"काय येतंय?"

"ऐकू. येतंय की आता. मशीन कशाला?"

तेव्हापासून हे सुरूच झालं. हेडफोन लावून आण्णा रोज खुर्चीत बसायचे, डोळे मिटून, गाणं ऐकल्यासारखे. आई विचारायची, भात वाढू का? "येतंय, येतंय की." दारात कोण आलंय? "येतंय की आता." आई कपाळावर हात मारून घ्यायची. "अहो भात! भात विचारतेय मी! माझा घसा बसला ओरडून, आणि यांना म्हणे येतंय!" मी हसायचे, पण मला आत कुठंतरी शंका यायला लागली होती. बाप स्वतःच्या तोंडानं सांगतोय ऐकू येतंय, आणि मी नाणी उडवत बसलेय. माझंच काही चुकलं नसेल ना? मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. बीज तेच, उत्तरही तेच. तरी मशीनचा विषय मागं पडला. मागं पडला कारण आण्णा 'येतंय' म्हणत होते.

ती मधल्या काळात यायची बंद झाली. फोन केला की म्हणायची, लई काम आहे गं. मग एक दिवस तिचाच निरोप आला: दवाखान्यात नवा विभाग सुरू होतोय, सभागृहात कार्यक्रम आहे, आण्णांना घेऊन ये, त्यांचा सत्कार आहे. मी खूश झाले. मला वाटलं, तिनं आणखी माणसं मोजली आणि खरंच काहीतरी मिळालं.

आण्णा पहिल्या रांगेत बसले. शेजारी त्यांचे सोबती, तेच पांढरे शर्ट. ती स्टेजवर आली. साडी आईनं दिलेली नेसली होती, आमच्या आईनं. बोलायला तर ती पहिल्यापासून हुशार. सरावाचं कौतुक झालं, यंत्रमाग कामगारांच्या व्यथा झाल्या, आणि मग पडद्यावर चित्र आलं.

डावीकडं ठिपके, उजवीकडं ठिपके, मधे रेघा. एकही रेघ दुसरीला कापत नव्हती. सगळ्या शिस्तीत, एकीखाली एक, थोड्याथोड्या खाली उतरत.

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास मी खाली ठेवला. मला कळायला एक क्षणही लागला नाही. माणसं अशी नसतात. दोनदा मोजलेली माणसं कुणी पुढं जातात, कुणी मागं पडतात, कुणी कुणाला ओलांडतात. शाळेच्या प्रार्थनेसारखी उंचीनं उभी राहत नाहीत. तिनं 'आधी'चा रकाना चढत्या क्रमानं लावला होता, आणि 'नंतर'चा रकाना वेगळा, तोही चढत्या क्रमानं. सगळ्या डाव्या मापानं, सगळ्या उजव्या मापानं. सगळ्यात बऱ्या कानाला सगळ्यात बरा कान, मधल्याला मधला, सगळ्यात मंदाला सगळ्यात मंद. असं केलं की सरासरी तसूभरही बदलत नाही, पण प्रत्येकाचा फरक मात्र छोटा आणि एकाच दिशेचा होतो. मग दहा हजार वेळा नाणं उडवा, कॉम्प्युटर शपथेवर सांगेल की सराव म्हणजे चमत्कार आहे.

आणि तेवढ्यात आण्णा बोलले. ऐकू न येणारी माणसं हळू बोलत नाहीत. अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात ते शेजारच्याला म्हणाले, "लई झकास ताणा लागलाय की रं!"

सगळे हसले. टाळ्या वाजल्या. ती स्टेजवरून आण्णांकडं बघून हसली आणि म्हणाली, "यावरचा लेखही छापायला गेलाय, आणि हा सगळा हिशेब यांच्या लेकीनं केलाय." पडद्यावर माझं नाव आलं, तिच्या नावाच्या खाली, जोडीनं. टाळ्या पुन्हा वाजल्या. आण्णांना टाळ्या ऐकू आल्या नसतील, पण दिसल्या. ते मागं वळून माझ्याकडं बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

लोक म्हणतात केसानं गळा कापला. मला त्या दिवशी कळलं तो कसा कापतात. ओरडताही येत नाही.

चहाच्या वेळी मी तिला जिन्याखाली गाठलं.

"जोडी मोडलीस," मी म्हणाले.

ती दचकली नाही. तिनं आधी इकडंतिकडं बघितलं. "एकही आकडा बदललेला नाही मी. तपास. एकसुद्धा नाही. सरासरी तीच आहे. प्रोग्रॅम तुझाच आहे, बीजसुद्धा तेच आहे. मी फक्त ओळीनं लावलं."

"फक्त ओळीनं? अगं, आण्णांची रेघ वर जात होती, ती खाली कशी आली? त्यांच्या कानाला कुणाचा कान जोडलास तू?"

"हळू बोल."

"का हळू? इथं सगळे बहिरेच आहेत की! तुला तेच तर हवंय!"

"हे बघ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम तसा झाला, जसा परीक्षेच्या आधी मला धीर देताना व्हायचा. "इतकी वर्षं मी इथं टेंपररी आहे. सही करायला पण दुसऱ्याला विचारावं लागतं. हा विभाग मिळाला नसता तर मला काढलंच असतं. आणि नुकसान कुणाचं झालं? पानांची सळसळ ऐकून कुणी मेलंय का? उलट आण्णांना विचार. ते स्वतः सांगतात ऐकू येतंय. तू तुझ्या नाण्यांवर विश्वास ठेवणार का बापावर?"

चोर तो चोर, वर शिरजोर! माझा हात शिवशिवला, खरंच सांगते. कानाखाली आवाज काढायची माझी तयारी होती, आणि तो तरी तिला मशीनशिवाय ऐकू आला असता. पण तिचं ते शेवटचं वाक्य आडवं आलं. आण्णा म्हणतच होते की, येतंय.

"तू आमच्या घरात जेवलीस," एवढंच मी बोलले. याच्याइतकं बावळट वाक्य मी आयुष्यात बोलले नाही, पण माझ्याकडं तेवढंच होतं. कपाचा विषय माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला, कारण तो कप खरा होता, आणि तो खरा होता म्हणूनच जास्त लागत होतं.

घरी येऊन मी दोन्ही चित्रं, माझा प्रोग्रॅम आणि मूळ जोड्या लेख छापणाऱ्यांना पाठवल्या, माझं नाव काढा म्हणून कळवलं. दवाखान्यालाही कळवलं. 'आपला मुद्दा विचाराधीन आहे' असं उत्तर आलं. अजून विचार चालू आहे. विभागही चालू आहे, आणि आण्णांच्या सत्काराचा फोटो तिथं दारात लावलाय असं कळतं.

राहिले आण्णा. त्यांना सांगायचं कसं? त्यांनी माणसं जमवली होती, 'आपलीच हाय' म्हणून शब्द टाकला होता. सत्काराची शाल त्यांनी खुर्चीच्या पाठीवर घडी घालून ठेवली होती आणि येईल त्याला दाखवत होते. मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी ते पुन्हा हेडफोन लावून डोळे मिटून बसले, आणि माझं डोकं फिरलं. मी हेडफोन ओढून काढले.

"आण्णा! ती खोटं बोलली! धाकटी! तिनं आकडे फिरवले!"

समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. तेलुगू काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आई चुलीपुढून उठली. आण्णा माझ्या ओठांकडं बघत होते.

"त्या सरावानं काही होत नाही! तुमचा कान आणखी मंद झालाय! मी मोजलंय!"

 आण्णा हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत म्हणाले, "म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"ऐकू येत न्हाय ते. पैल्या दिसापास्नं न्हाय आलं. ह्यात पानं वाजत्यात म्हनं. मला तर काय वाजल्यालं कळलं न्हाय."

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. "मग 'येतंय, येतंय' का म्हणत होता इतके दिवस?"

आण्णांनी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "धाकटी आल्ती. तू कालेजात व्हतीस. म्हनली, आण्णा, थोरलीचं नाव हाय ह्येच्यात. वाईट निगालं तर तिचीच नाचक्की व्हईल, नोकरीला बट्टा लागंल. कुनी इचारलं तर येतंय म्हना. थोरलीला बी येतंय म्हना, तिला काळजी नको."

आई पिठाच्या हातानंच पुढं आली. "आणि तुम्ही म्हणत राहिलात? अहो, टेम्पोखाली गेला असता!"

आण्णांना आईचे ओठ दिसले नव्हते. ते माझ्याशीच बोलत होते, आणि त्यांच्या आवाजात कसला म्हणून राग नव्हता, उलट आपण काहीतरी नीट पार पाडलं असं समाधान होतं.

"म्हनलं, बापच न्हाय म्हनला," आण्णा म्हणाले, "तर पोरीचं कोन ऐकंल?"

 काकू पदरानं डोळे पुसत आत गेल्या. मला धाकटीच्या आई-बापाचा उद्धार करायचा होता, आण्णांवर ओरडायचं होतं, रडायचं होतं, आणि यातलं काहीच जमेना. मी त्यांच्या समोर बसले, तोंड त्यांच्या तोंडासमोर नेलं आणि होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडले, "उद्या मशीन घ्यायला जायचं! कळलं का?"

"येतंय की," आण्णा म्हणाले, सवयीनं.